मॉरिशस : बीच सोडून काय बघावं? (आई-बाबा आणि १० वर्षांचा मुलगा सोबत)

रानवाट_नाशिक
नमस्कार मंडळी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मॉरिशसला जातोय, ७ रात्री, मुंबईहून डायरेक्ट फ्लाइट. मी, बायको, मुलगा आणि आई-बाबा (बाबा ७१, आईचा एक गुडघा दुखतो). टूरवाल्याने जो प्लॅन दिलाय त्यात चार दिवस नुसतं बीच आणि बोटिंग आहे, आणि क्रेटर (ज्वालामुखीचं मुख), गंगा तलाव, सात रंगांची माती, धबधबा हे सगळं एकाच दिवसात कोंबलंय. मुलाने शाळेत ज्वालामुखीचा धडा वाचल्यापासून त्याच्या डोक्यात तेच चालू आहे, रोज विचारतो बाबा लाव्हा दिसणार का. आम्हाला पाण्यात खेळायची फारशी हौस नाही, बेट नीट बघायचंय. कुठे जास्त वेळ द्यावा, काय सोडलं तरी चालेल आणि आई-बाबांना काय झेपेल, जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

बसाल्ट_प्रेमी
मुलाला आधीच सांगून ठेवा की वाहता लाव्हा दिसणार नाही, नाहीतर पोरगं हिरमुसेल. मॉरिशसचे ज्वालामुखी कधीच थंड झालेत. जिवंत आहे तो शेजारच्या रियुनियन बेटावर, पण ते फ्रान्सचं, त्याचं विमान, कागदपत्रं सगळं वेगळं, ७ दिवसांत आई-बाबांना घेऊन ती धावपळ नको.

पण त्याला ही गोष्ट नक्की सांगा, मी भूगोल शिकवतो आणि वर्गात ही सांगितली की मुलं गप्प होऊन ऐकतात. तुम्ही नाशिकचे ना, तुमच्या ब्रह्मगिरीचा काळा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आणि बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की तो पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून वर आला तीच जागा आज रियुनियनच्या खाली आहे. आपली जमीन उत्तरेला सरकत गेली आणि मागे समुद्रात तिची वाट उमटत राहिली, लक्षद्वीप, मालदीव, मग ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि आता रियुनियन. म्हणजे सह्याद्री आणि मॉरिशस एकाच चुलीवरचे. तिथला दगड हातात घेतलात तर घरचाच वाटेल, मला तरी वाटला.

क्रेटर बघायचा तर क्यूरपीप गावातला त्रू-ओ-सेर्फ. गाडी थेट कडेपर्यंत जाते, तिकीट नाही, भोवती फिरायला सरळ रस्ता आहे, आईंना काहीच त्रास नाही. खाली दाट झाडी आणि मधे थोडं पाणी. फोटोत साधा खड्डा वाटतो पण तिथे उभं राहून चारी बाजूंना त्रूआ मामेल वगैरे डोंगरांचे सुळके बघितले की कळतं, हे जुन्या मोठ्या ज्वालामुखीच्या कडेचे उरलेले तुकडे आहेत.

एबेनवासी
मी नोकरीसाठी तीन वर्षं तिथे होते, सासू-सासरे दोनदा येऊन गेले, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी ओळखीचा वाटला. तो "सगळं एका दिवसात" वाला प्लॅन घेऊच नका. पहिल्या वेळी आम्ही तशीच बस घेतली होती, शामारेलला (रंगीत माती आणि धबधबा तिथेच) जेमतेम अर्धा तास मिळाला, सासऱ्यांना तर धबधबा बघायलाच मिळाला नाही कारण तोपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, मला आजही त्याचं वाईट वाटतं. गाडी भाड्याने घ्या किंवा ड्रायव्हरसकट टॅक्सी ठरवा, आपल्यासारखंच डावीकडून चालवतात.

राहायचं पश्चिमेला, फ्लिक-आं-फ्लाक किंवा ब्लॅक रिव्हर बाजूला. जूनमध्ये मॉरिशसला हिवाळा असतो, पूर्व किनाऱ्यावर वारा फार सुटतो, पश्चिमेला त्यामानाने शांत. आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो हे लक्षात ठेवून दिवस आखा. वर क्यूरपीपला कधीही भुरभुर पाऊस आणि गारठा, आई-बाबांचे स्वेटर गाडीतच ठेवा.

एक पूर्ण दिवस शामारेल (स्पेलिंग बघून लोक चामारेल म्हणतात). सकाळी उघडल्या उघडल्या जा, बसेस यायच्या आत. आधी धबधबा लागतो, शंभरेक मीटर उंच, आणि कड्यावर लाव्ह्याचे एकावर एक थर दिसतात, मुलाला ते मोजायला सांगा. पुढे रंगीत माती, तीही बसाल्टचीच (म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा दगड), उष्ण दमट हवेत दगड कुजून माती झाली, त्यातल्या लोहाने लाल-तपकिरी आणि अॅल्युमिनियमने निळा-जांभळा रंग आला. मातीवर चालायला बंदी आहे, कडेने लाकडी कठड्यामागून बघायचं. तिथेच मोठी कासवं पण आहेत. येताना ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या व्ह्यू पॉइंटला थांबा, पार्किंगपासून दोन मिनिटांवर दरी दिसते.

दुसरा दिवस गंगा तलाव आणि दक्षिण किनारा. गंगा तलाव हेही क्रेटरमधलंच तळं, १९७२ मध्ये भारतातून गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं तेव्हापासून हे नाव. महाशिवरात्रीला अख्ख्या बेटावरून लोक कावड घेऊन पायी येतात, मी एकदा मैत्रिणीबरोबर रात्रभर चालले, रस्त्यात घरोघरी लोक सरबत आणि खायला देत उभे होते, वारीचीच आठवण आली. जूनमध्ये तिथे शांत असतं, धुकं असतं, आई-बाबांना निवांत बसू द्या. मग खाली सुयाक गावाजवळचा ग्री-ग्री हा किनारा. बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत इथे तुटलेली आहे, त्यामुळे लाटा थेट काळ्या कड्यावर आपटतात. पाण्यात अजिबात उतरू नका, मुलाचा हात धरा, पण आवाज ऐकून तो खूश होईल. जवळच रोचेस्टर धबधबा, छोटासाच पण दगडाचे उभे चौकोनी-षटकोनी खांब दिसतात, उसातून कच्चा रस्ता आहे, आईंना गाडीतच बसू दे.

ल मोर्नचा डोंगर फक्त तुम्ही आणि मुलगा करा, तोही अर्ध्यापर्यंत, वरचा भाग हाताने धरून चढायचा आहे. पळून आलेले गुलाम या डोंगरावर लपायचे, २००८ पासून जागतिक वारसा. आणि "समुद्राखालचा धबधबा" म्हणून जे फोटो फिरतात तो वाळू वाहून जाताना वरून तसा भास होतो, तो नीट दिसायला हेलिकॉप्टरने जावं लागतं, ते महाग आहे, मी तरी सोडून देईन.

दर्याकिनारी
वरच्या दोघांनी छान सांगितलंय, एकच सांगते, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट चुकवू नका. १८३४ ते १९२० मध्ये जवळपास ५ लाख मजूर भारतातून तिथे आले, त्यात आपले कोकणातलेही होते. ज्या काळ्या दगडी पायऱ्या चढून ते आत गेले त्या अजून आहेत. बाहेर उसाच्या शेतांमधे काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील, शेत करायला आधी गुलामांनी आणि मग या मजुरांनी हाताने वेचलेला तो लाव्ह्याचा दगड. हे कळल्यावर मला त्या शेतांकडे नुसतं "हिरवंगार सुंदर" म्हणून बघवेना. कास्कावेलच्या बाजूला मराठी वस्ती आहे, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आपल्या जाखडीसारखा झाकरी नाच अजून करतात.

खायला ढोल पुरी, गूळ न घातलेल्या पातळ पुरणपोळीसारखी, नेहमी जोडीने देतात. चटणी कमी टाकायला सांगा.

रानवाट_नाशिक
खूप खूप धन्यवाद तिघांना. टूरवाल्याला आजच फोन केला, फक्त फ्लाइट आणि हॉटेल ठेवतोय, तेही पश्चिमेला. माझी आजी राजापूरकडची, तिचे एक चुलत आजोबा "मिरचला" (म्हणजे मॉरिशसला, हे आत्ता कळतंय) गेले आणि परत आलेच नाहीत असं ती सांगायची, आम्हाला लहानपणी ते मिरजच वाटायचं. बाबांना आप्रवासी घाटाचं वाचून दाखवलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले पहिला दिवस तिथेच जाऊ. तिथे जुनी नावं शोधता येतात का?

एबेनवासी
दादा, मजुरांच्या नोंदी मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्यात. जायच्या आधी ईमेल करून विचारा, आणि आजीकडून ऐकलेलं नाव, गाव, बापाचं नाव जे जे आठवतं ते बाबांकडून आत्ताच लिहून घ्या. स्पेलिंग तिकडच्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं, तेव्हा नाव चार-पाच प्रकारे लिहून बघा.