जेवणानंतर साखर २१२, तरी म्हणे निदान झालं नाही!

खवय्या:
उपाशीपोटी ९७. जेवणानंतर दोन तासांनी २१२. डॉक्टर म्हणतात, "एवढ्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाही, अजून तपासणी करू." मला हे पटलेलं नाही. जागेपणी आपण बहुतेक वेळ खाल्ल्यानंतरच्याच अवस्थेत असतो. जेवताच इन्सुलिनचा जो पहिला लोंढा येतो तो आधी मंदावतो, म्हणून बऱ्याच जणांची साखर जेवणानंतर आधी बिघडते आणि उपाशीपोटीची मागाहून. चोर जिथे आधी दिसतो तिथे पहारा नको का? माझ्या मते २०० पार म्हणजे मधुमेह, विषय संपला.

काचनळी:
विषय संपत नाही, खवय्याजी. मी लॅबमध्ये काम करते. तुम्ही धरलेला २०० चा आकडा जेवणाचा नाहीच. किमान ८ तास उपाशी राहून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी शिरेतून रक्त द्यायचं, त्या चाचणीचा तो आकडा आहे. जेवण प्रत्येकाचं वेगळं. कोणी पहिल्या घासापासून दोन तास मोजतो, कोणी हात धुतल्यापासून. आज तपासणी आहे म्हणून अर्धपोटी येणारेही कमी नाहीत. उद्या तुम्ही कमी जेवलात आणि १६० आली, तर मधुमेह बरा झाला म्हणणार?

खवय्या:
नाही म्हणणार. पण साध्या जेवणाने २१२ होते, तर नुसतं ग्लुकोज प्यायल्यावर काय होईल?

काचनळी:
बहुधा जास्तच. पण "बहुधा" रिपोर्टवर लिहिता येत नाही. आणि २१२ घरच्या ग्लुकोमीटरवर होती की लॅबमध्ये? चांगल्या मीटरलाही या पातळीवर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्त दिसते.

खवय्या:
...मीटरवर. 😐

सावकाश:
खूप तहान, वारंवार लघवी, विनाकारण घटणारं वजन अशी लक्षणं असतील, तर दिवसाच्या कुठल्याही वेळी लॅबमध्ये २०० किंवा जास्त आली की निदान होतं, तिथे कोणी जेवणाचा ताळेबंद मागत नाही. लक्षणं नसतील तर दोन बिघडलेले रिपोर्ट लागतात. डॉक्टर टाळाटाळ करत नाहीयेत.

गणितज्ञ आजोबा:
एवढा घोळ कशाला? एचबीए१सी करा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी. ६.५ टक्के किंवा वर असेल तर मधुमेह. उपाशी राहायला नको, घड्याळ लावायला नको.

सावकाश:
आजोबा, ती सरासरी आहे, आणि सरासरीत जेवणानंतरचे चढ लपतात. ग्लुकोज पिऊन केलेल्या चाचणीत मधुमेह निघालेल्या बऱ्याच लोकांची एचबीए१सी ६.५ च्या आत असते. लोहाच्या कमतरतेने ती खोटी वर जाऊ शकते. तांबड्या पेशी लवकर मोडत असतील तर खोटी खाली. माझ्या बहिणीला रक्तक्षयामुळे सहा महिने उगाच धास्ती होती.

खवय्या:
म्हणजे माझा मुद्दा अर्धा तरी खरा! नुसत्या उपाशीपोटी ९७ वर थांबलो असतो तर मला निरोगी म्हणून घरी पाठवलं असतं.

काचनळी:
तो अर्धा मान्य. तुमच्या २१२ ने दार वाजवलं, आत कोण आहे ते चाचणी सांगेल. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने दोन तासांऐवजी एकाच तासाचा आकडा सुचवला: १५५ पासून धोक्याची पातळी, २०९ पासून मधुमेह. पण तेही ७५ ग्रॅम ग्लुकोजवरच, जेवणावर नाही.

गणितज्ञ आजोबा:
एका तासात आटोपतं? मग मी माझं मत बदलतो.

खवय्या:
गुरुवारी सकाळी ग्लुकोजची चाचणी ठरली. तोवर गोड बंद करू ना?

काचनळी:
अजिबात नको! आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा. पथ्य करून आलात तर आकडा चुकू शकतो.