वृद्धाश्रमाच्या गच्चीवर आधी काय: सौर पॅनेल की चुना?

समिती सदस्य, काटोल रोड

नागपुरातील एका धर्मादाय वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापन समितीवर मी सहा वर्षांपासून आहे. आमच्याकडे 42 आजी-आजोबा राहतात. एका देणगीदाराने गच्चीवर 10 किलोवॅटचा सौर संच बसवून देण्याची तयारी दाखवली असून पैसा त्याच कामावर खर्च व्हावा, एवढीच त्यांची अट आहे. समितीतले बहुतेक जण हरखून गेले आहेत. माझा मात्र विरोध आहे, आणि तो सौरऊर्जेला नसून कामांच्या क्रमाला आहे.

गेल्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, एका रात्री दहा वाजता मी वरच्या मजल्यावरच्या खोलीत थर्मामीटर घेऊन बसलो होतो. पारा 38 अंशांवर होता. पंखा पूर्ण वेगात फिरत होता आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबची धग तेवढ्याच इमानाने खाली ढकलत होता. पलंगाची लोखंडी दांडी हाताला गरम लागत होती. छातीवर ओला पंचा ठेवून पडलेल्या आजींना मी पाणी हवे का विचारले, तर त्या नको म्हणाल्या. वय झाले की तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अंगातले पाणी आणखी घटते. त्यामुळे त्यांचे ‘नको’ हे उत्तर मानून चालत नाही. 2013 च्या मे महिन्यात याच शहराने 47.9 अंश पाहिले आहेत.

पॅनेलमुळे बिल उतरेल, त्या खोलीतला पारा उतरणार नाही. म्हणून आधी गच्चीवर चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा थर, पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे आणि वाळ्याच्या ताट्या, मग 75 वॉटचे जुने पंखे काढून 30 वॉटच्या आसपास चालणारे बीएलडीसी पंखे, आणि त्यानंतर पॅनेल, असे माझे म्हणणे आहे. तेलंगणाने 2023 मध्ये ऊन परतवणाऱ्या शीतल छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणले. आपल्याकडे मात्र हरित म्हटले की निळी काच डोळ्यांसमोर येते.

कोषाध्यक्ष, धरमपेठ

मी दुसऱ्या एका आश्रमाचे हिशेब ठेवतो, आणि आपला क्रम मला मुळीच मान्य नाही. गेल्या पंधरा वर्षांत चुन्यासाठी देणगी देणारा एकही माणूस मला भेटलेला नाही, कारण चुन्यावर नावाची पाटी लावता येत नाही. जो पैसा समोर आला आहे तो नाकारून जो येणारच नाही त्याची वाट पाहणे, याला मी व्यवस्थापन म्हणणार नाही.

आता आकडे पाहू. नागपूरच्या उन्हात एक किलोवॅटमागे वर्षाची सरासरी धरून दिवसाला साधारण चार युनिट मिळतात; म्हणजे 10 किलोवॅटचे महिन्याला 1200 युनिट झाले. युनिटला नऊ रुपये धरले तरी ही दहा हजारांच्या वरची बचत होते, आणि त्यात रात्रपाळीच्या मावशींच्या पगाराचा मोठा भाग निघतो. रात्री अडीच वाजता कोणी पडले तर उचलायला माणूस हवा की नाही? शिवाय पॅनेलची सावली छतावर पडतेच. ती आपण हिशेबात धरलेली नाही. आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या कोळशाची राख ज्यांच्या गच्चीवर येऊन बसते, त्या नागपूरकरांनी तरी सौर विजेला दुय्यम लेखू नये.

विद्युत अभियंता, त्रिमूर्तीनगर

सावलीचा मुद्दा खरा असला तरी तो अर्धाच आहे. एका किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट जागा लागते, म्हणजे 10 किलोवॅटखाली 1000 चौरस फूट झाकले जाईल. गच्ची 3000 चौरस फुटांची असेल तर उरलेली दोन तृतीयांश तशीच तापत राहणार. त्या खालच्या खोल्यांतल्यांनी काय करायचे?

त्याहून मोठा गैरसमज असा, की पॅनेल बसवले म्हणजे वीज गेल्यावरही पंखे फिरतील. नेट मीटरिंगचा, म्हणजे वीजकंपनीच्या तारांना जोडलेला आणि उरलेली वीज तिला देणारा, साधा ऑन-ग्रिड संच लाइन गेली की स्वतःहून बंद पडतो, कारण तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला गच्चीवरून वीज जाऊन धक्का बसू नये. डोक्यावर रणरणते ऊन, पॅनेल धडधाकट, आणि खाली रुग्णाला हवेतून ऑक्सिजन काढून देणारा कॉन्सन्ट्रेटर मुका, असे दृश्य मी प्रत्यक्ष पाहिले आहे. पाच लिटरचे ते यंत्र साधारण 350 वॉट खाते. म्हणून संच घ्यायचाच असेल तर लाइन गेल्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, आणि कॉन्सन्ट्रेटर, हवेच्या गाद्यांचे पंप, जिन्यातले दिवे व रुग्णखोलीतले पंखे यांची वायरिंग वेगळी काढा. बॅटऱ्या तळमजल्यावर ठेवू नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा कितीतरी घरांत पाणी शिरले होते, हे आपण सगळे जाणतो.

जाता जाता एक गोष्ट. छतावरच्या सौर संचासाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतले 78,000 रुपयांपर्यंतचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. संस्थेला ते मिळेलच असे धरून अंदाजपत्रक करू नका. जोडणी कोणत्या वर्गात आहे ते बिलावर छापलेले असते, आधी ते वाचा.

परिचारिका, मानेवाडा

गच्चीवरून खाली या, अशी सर्वांना विनंती आहे. नागपुरात मे महिना कूलरवर निघतो, आणि हवा कोरडी असते तोवर कूलर एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत गारवा देतो, हे खरेच आहे. पण समोरची खिडकी उघडी नसेल तर त्याच कूलरने खोली दमट होते, आणि मृगाचा पाऊस पडला की तो निव्वळ आवाज करतो. टाकी आठवड्याला रिकामी करून घासली नाही तर डेंग्यूच्या डासांची पैदास होते. मागच्या वर्षी आमच्याकडे कूलरची नळी ठिबकत होती. फरशीवर हातभर ओल होती, कोणाच्या लक्षात आली नाही. एक आजी पहाटे बाथरूमला निघाल्या आणि खुब्याचे हाड मोडले. कूलर भिंतीबाहेर बसवून पाण्याचा निचरा थेट बागेत सोडायला असा कितीसा खर्च आला असता!

सौर बंबाचेही तसेच आहे. जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा तो आम्हाला देवासारखा वाटतो. पण दिवसभर वापर झाला नाही तर टाकीतले पाणी 70 अंशांपर्यंत तापते आणि म्हाताऱ्या कातडीला दोन सेकंद पुरतात. गरम पाण्यात थंड पाणी मिसळून तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय त्या नळाला कोणाला हात लावू देऊ नये. बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार धरतात, तेव्हा साफसफाईचा करार आधी करा.

मुलगा, सध्या पुणे

माझी आई नागपूरच्या एका आश्रमात आहे आणि आम्ही महिन्याला पूर्ण पैसे भरतो. खरे सांगायचे तर ‘शाश्वत’ हा शब्द ऐकला की मला काटकसरीचा वास येतो. ज्यांनी आयुष्यभर एक दिवा मालवल्याशिवाय दुसरा लावला नाही, त्यांनीच आता शहाऐंशीव्या वर्षी पृथ्वी वाचवण्यासाठी घामाघूम व्हायचे का? सरळ एसी लावा.

समिती सदस्य, काटोल रोड

दादा, आपला राग मला समजतो, आणि एका बाबतीत आपण बरोबर आहात: हवाच 40 अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंग गार करण्याऐवजी तापवतो, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणून तळमजल्यावरच्या एका मोठ्या खोलीत एसी असावा आणि दुपारी बारा ते पाच सर्वांना तिथे आणावे, हे मी मान्य करतो. पण 42 जणांच्या प्रत्येक खोलीत एसी लावून वर तापलेला स्लॅब तसाच ठेवणे म्हणजे गळक्या माठात पाणी ओतत राहणे आहे.

कोषाध्यक्ष साहेबांचा पगाराचा मुद्दाही मला खोडता येत नाही. देणगीदारांना मी आता असे विचारणार आहे, की संच 6 किलोवॅटचा घेऊन तो उंच स्ट्रक्चरवर बसवावा आणि उरलेल्या पैशांत बॅटरी व वेगळी वायरिंग करावी.

कोषाध्यक्ष, धरमपेठ

विचारा, पण ते हो म्हणेपर्यंत त्यांना नकार कळवू नका. आणि चुन्याने नेमका किती फरक पडतो, हा आकडा आपण अजूनही दिलेला नाही.

समिती सदस्य, काटोल रोड

तो माझ्याकडे नाही, म्हणूनच येत्या रविवारी अर्ध्या गच्चीवर चुना मारायचा आणि खालच्या दोन खोल्यांत एकसारखे थर्मामीटर टांगून महिनाभर नोंद ठेवायची, असे ठरवले आहे.

परिचारिका, मानेवाडा

टांगू नका, पलंगावर उशीच्या उंचीला ठेवा. आणि नोंद रात्री दहाला व पहाटे चारला घ्या. दुपारी तर सगळेच खोलीबाहेर व्हरांड्यात असतात.