रेपो वाढवून सुताचा भाव कसा उतरणार?

मागवाला, इचलकरंजी (जून २०२२)

माझे २४ साधे माग. २०२० च्या टाळेबंदीत शेडला कुलूप लागलं. ऑगस्टमध्ये सरकारी हमीचं तातडीचं कर्ज घेतलं. सीसीची (बँकेनं धंद्यासाठी दिलेली कॅश क्रेडिट उचल) २० लाखांची बाकी, तिच्या २० टक्के, म्हणजे ४ लाख. नवं तारण नाही, पहिलं वर्ष फक्त व्याज. त्या पैशातून कामगारांचा पगार आणि वीजबिल भागलं, हे मी विसरणार नाही.

मुद्दलाचा हप्ता सुरू झाला गेल्या सप्टेंबरात, महिन्याला ११,१११. त्यातच सुताचा भाव पेटला. २०२० च्या अखेरीस कापसाची खंडी (सुमारे ३५६ किलो) ४० हजारांच्या आसपास होती, गेल्या महिन्यात ती लाखावर गेली. सूत रोखीनं घ्यायचं आणि कापडाचं पेमेंट दोन-अडीच महिन्यांनी! तेवढ्याच मालात दुप्पट पैसा अडकतो. आज १४ माग बंद आहेत. एकावर निम्मं विणलेलं बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) तसंच आहे. कापडावर धुळीची रेघ बसते, रोज सकाळी झटकतो.

आणि आता रिझर्व्ह बँकेनं मेमध्ये ०.४०, जूनमध्ये ०.५० टक्के वाढवून रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४.९० वर नेला. माझी सीसी रेपोला जोडलेली, वर्षाला १८ हजार जादा. व्याज वाढवून कापूस स्वस्त होतो का?

निवृत्त शाखाधिकारी, सांगली

नाही होत, दादा. पण एप्रिलची महागाई ७.७९ टक्के निघाली. कायद्यानं रिझर्व्ह बँकेला ती ४ टक्क्यांवर, फार तर ६ पर्यंत ठेवायची आहे. सलग तीन तिमाही हुकलं तर सरकारला लेखी कारण द्यावं लागतं. बँकेच्या हातात मुख्यतः व्याजदरच आहे. कापसाचं काम सरकारचं. ११ टक्के आयातशुल्क माफ केलं, तेही एप्रिलच्या मध्यावर, बाहेरचे भाव चढल्यावर.

मला खटकतं ते वेगळंच. २०२० मध्ये लहान धंद्यांना मदत दिली ती बहुतेक कर्जाच्याच रूपात. बुडालेल्या महिन्यांची मजुरी कोणी भरून दिली नाही.

मे २०२१ मध्ये याच कर्जाची मुदत चाराची पाच वर्षं करून मिळत होती, दोन वर्षं फक्त व्याज. त्यासाठी खातं पुनर्रचनेत, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून घ्यायच्या योजनेत, घालायला हवं होतं. तुम्ही घातलं नाहीत?

वहिफणीवाल्याची (बीमाची सुतं फणीत ओवणाऱ्याची) लेक

काका, आमच्या घरात कर्जच नाही, त्यामुळे रेपोचं आम्हाला काही कळत नाही. गॅस हजारावर गेला ते कळतं. रेशनचं मोफत ५ किलो धान्य आहे म्हणून निभतंय. महागाई आवरायलाच हवी. पण तुमच्यासारख्यांचे माग बंद पडले की बाबांकडे बीमच येत नाही. गेल्या आठवड्यात चारच दिवस काम होतं.

मागवाला, इचलकरंजी

ताई, महागाई आवरू नका असं मी म्हणत नाही. बाबांना नमस्कार सांगा.

साहेब, शाखेत कुणी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी? पुनर्रचनेची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. तेव्हा माझा पहिलाच हप्ता होता, वेळेवर भरला होता, सगळे माग चालू होते. अडचणीत आहे असं कशाच्या जोरावर लिहून दिलं असतं? मला ती मुदत आज हवी आहे. सोमवारी शाखेत लेखी अर्ज देतोय. त्यात नेमकं काय मागू, तेवढं सांगा.