मदत हवी आहे: नागपूरहून सिरोंचा, पाठीवर बॅग आणि हाती एक दिवस

डिसेंबरात आम्ही दोघं नवरा-बायको बस-रेल्वेने गडचिरोली जिल्ह्यातलं सिरोंचा करून पुढे छत्तीसगडात भोपालपट्टणममार्गे जगदलपूरला जाणार आहोत. प्रत्येकी ४० लिटरची सॅक आहे. सिरोंचात दोन रात्री, मधला एक पूर्ण दिवस. आलापल्लीवरून जावं की तेलंगणातल्या मंचिर्यालवरून? कालेश्वरम, सोमनूरचा संगम आणि वडधम हे तिन्ही एका दिवसात होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्राणहिताकाठ:
मंचिर्यालवरून या. आलापल्ली ते सिरोंचा जेमतेम शंभर किलोमीटर, पण रस्ता वर्षानुवर्षं खराब आहे. दुरुस्ती चालू असली की वेळेचा भरवसाच उरत नाही. काझीपेटकडे जाणारी रेल्वे धरा. मात्र सगळ्याच जलद गाड्या मंचिर्यालला थांबत नाहीत, तिकीट काढण्याआधी थांबा बघा. तिथून चेन्नूर, मग राष्ट्रीय महामार्ग ६३ वरचा प्राणहितेचा पूल ओलांडला की सिरोंचा. थेट बस नसेल तर चेन्नूरला बदला. हाच ६३ पुढे जगदलपूरला जातो, म्हणजे उलटं फिरावं लागत नाही.

तिकिटाचं एक. आपल्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण तेलंगणातल्या बसमधला मोफत प्रवास फक्त तिथल्या रहिवासी महिलांना. वहिनींचं पूर्ण तिकीट धरूनच हिशेब करा. सुट्टे पैसे आणि आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा, नाकाबंदीत सॅक उपसावी लागत नाही.

रानवाटा:
तिन्ही होणार नाही. सोमनूर सोडा. गोदावरी-इंद्रावतीचा तो संगम असरअल्लीच्या पुढे आहे, स्वतःची गाडी नसेल तर जाण्यायेण्यातच दिवस संपतो.

सॅक मुक्कामीच ठेवून सकाळी लवकर कालेश्वरम करा. गोदावरीवरचा पूल ओलांडला की आलंच, दहाएक किलोमीटरच्या आत. ऑटो ठरवताना परतीचंही तिथेच बोलून घ्या. मंदिरात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत, कालेश्वर म्हणजे यम आणि मुक्तेश्वर म्हणजे शिव. मुक्तेश्वराच्या लिंगाला दोन छिद्रं आहेत; त्यात ओतलेलं पाणी थेट गोदावरी-प्राणहितेच्या संगमात जातं अशी श्रद्धा आहे. गर्दीत ती छिद्रं दिसतच नाहीत, म्हणून सकाळ.

संगमावर वाळू कोरडी दिसली तरी काठाशी ती भुसभुशीत असते, आणि प्रवाहाने कापलेल्या कडेला एकदम डोह लागतो. जिथे स्थानिक लोक उतरतात तिथेच उतरा. गोदावरीवरच्या मेडीगड्डा बॅरेजसाठी मात्र खास वळण घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले, तेव्हापासून ते पर्यटकांचं ठिकाण राहिलेलं नाही.

दुपारी वडधमचा जीवाश्म पार्क. दगड झालेले वृक्षांचे बुंधे आहेत, हात लावून बघा: साल लाकडासारखी, स्पर्श गार दगडाचा. बारापासॉरस हा डायनासोर याच परिसरातल्या ‘कोटा’ थरांमधला, आणि हे थर ओळखले जातात ते सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावाच्या नावाने. सांगाडा मात्र कोलकात्याला आहे. त्यामुळे मोठा सांगाडा बघायच्या अपेक्षेने जाऊ नका, बुंध्यांसाठी जा.

प्राणहिताकाठ:
संध्याकाळी साडेपाचच्या आत सिरोंचाच्या घाटावर पोचा. प्राणहिता नदी गावाच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य पाण्यापलीकडे तेलंगणात मावळतो. नागपूरकरांनी हेही लक्षात ठेवावं की आपल्या नाग नदीचं पाणी कन्हान, वैनगंगा असं करत इथेच येतं.

आणखी एक, विसरू नका: गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तेलंगणातून येताना बाटली सोबत आणू नका. डास भरपूर, जिल्हा हिवतापाचा, म्हणून मच्छरदाणी आणि ओडोमॉस दोन्ही घ्या. पोलीस ठाण्याचे, नाक्याचे फोटो काढू नका.

भोपालपट्टणमकडची पहिली गाडी किती वाजता निघते ते आदल्या संध्याकाळीच बसस्थानकावर विचारून ठेवा. ती चुकली तर पुढचे सगळे जोड चुकतात.

धागाकर्ता:
मनापासून आभार. सोमनूर काढलं, मंचिर्यालचं तिकीट बघतो.