मदत हवी आहे: जर्मनीत रस्त्यावर अंगावर धावून आलेल्या माणसाने उलट माझ्यावरच तक्रार केली आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा वर्षांपासून श्टुटगार्टजवळ राहतो. इथे बरंच वाचते, लिहिते पहिल्यांदाच. मंगळवारी पोलिसांचं पत्र आलं, तेव्हापासून धड झोप नाही. ज्यांना जर्मनीतल्या पोलीस-वकिलांचा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा, कारण उत्तर द्यायला माझ्याकडे फक्त दोन आठवडे आहेत.

काय झालं ते आधी नीट लिहिते.

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी किराणा घेऊन बी 27 या हमरस्त्यावरून घरी येत होते. गाडी मी चालवत होते, शेजारी सासूबाई (साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत), मागे सहा वर्षांचा मुलगा. नवरा कामासाठी बर्लिनला. भारतातला परवाना इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतो, त्यामुळे इथली लेखी आणि गाडीची अशा दोन्ही परीक्षा देऊन मी रीतसर परवाना काढला आहे. नियम मला माहीत आहेत.

एका ट्रकला मागे टाकायला डाव्या लेनमध्ये गेले होते. मागून एक काळी गाडी इतकी जवळ आली की आरशात तिची नंबर प्लेटही दिसेना. सारखे दिवे मारत होता. ट्रक मागे पडताच सिग्नल देऊन उजवीकडे आले, म्हणजे तो जाईल. तो पुढे गेला आणि माझ्या समोर येऊन कचकन ब्रेक मारला. मीही मारला. पिशवीतले बटाटे सीटखाली घरंगळत गेले. मग त्याने वेग कमी करून गाडी माझ्या बाजूला आणली आणि काहीतरी ओरडायला लागला. तेव्हा माझा हात वर गेला. आपण मनगट फिरवून "काय? काय झालं?" असं विचारतो ना, अगदी तसा. तेवढंच केलं मी.

पुढच्या फाट्यावर मी बाहेर पडले, तोही पडला. सिग्नलला माझ्यापुढे गाडी आडवी लावून उतरला. काचेवर बुक्के मारत होता, त्याच्या अंगठीचा काचेवर होणारा आवाज अजून कानात आहे. "जिथून आलीस तिथे परत जा" हे वाक्य स्पष्ट कळलं, बाकीचं नाही. मग बाहेरचा आरसा पिरगाळला, तो वायरवर लोंबकळायला लागला. माझा हात दाराकडे गेला होता, खरंच सांगते, उतरून विचारावं असं वाटलं. आईंनी मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "काच उघडू नकोस. हॉर्न दाब." मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मागून मुलगा विचारत होता, "आई, ते काका का रागावलेत?"

मागच्या गाडीतली एक वयस्कर बाई उतरून आमच्याकडे यायला लागली, तसा तो गाडीत बसून निघून गेला. मी 110 ला फोन केला. ती बाई पोलीस येईपर्यंत, जवळजवळ पाऊण तास, थंडीत आमच्यासोबत थांबली आणि स्वतःचं नाव-पत्ता देऊन गेली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

पोलिसांनी तक्रार घेतली, क्रमांक दिला. मला वाटलं झालं.

आता पत्र आलंय. त्यात मी "बेशुल्डिग्टे" आहे, म्हणजे आरोप माझ्यावर. त्याने सांगितलंय की मी मुद्दाम त्याच्यासमोर ब्रेक मारला आणि हाताने अपमानकारक खूण केली. एक न्योटिगुंग (धाकदपटशा, जबरदस्ती) आणि दुसरं बेलाइडिगुंग (अपमान).

माझे प्रश्न:

पत्रासोबतच्या फॉर्ममध्ये "आपलं म्हणणं" लिहायला अर्धं पान जागा आहे. तिथे सगळं खरं खरं लिहून टाकू का? हात वर केला होता हे मला लपवायचं नाही.

सासूबाई पुढच्या महिन्यात परत जातात. त्या साक्षीदार आहेत, पण त्यांना फक्त मराठी आणि थोडं हिंदी येतं. त्यांचा जबाब घेतील का?

आणि ज्याने पोटात गोळा आलाय ते म्हणजे आमचा नागरिकत्वाचा अर्ज गेल्या वर्षीपासून चालू आहे. याचा त्यावर परिणाम होईल का?

गोदाकाठ (म्युनिक):

ताई, आधी एक श्वास घ्या. मी अशाच प्रकरणातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

ते अर्धं पान कोरं सोडा. मनापासून सांगतोय. नाव, जन्मतारीख, पत्ता अशी स्वतःची ओळख सांगणारी माहिती तेवढी भरणं बंधनकारक आहे. घटनेबद्दल काही न बोलणं हा आरोपीचा हक्क आहे आणि गप्प राहिलात म्हणून कोणी तुम्हाला दोषी धरत नाही. आपल्याकडची माणसं इथेच फसतात. "माझं काही चुकलं नाही, मग लपवू कशाला" म्हणून दोन पानं लिहितात आणि त्यातलंच एखादं वाक्य त्यांच्यावर उलटतं. तुमच्या बाबतीत तर हे नक्की होईल, कारण ती खूण.

हे नीट वाचा. जर्मनीत चेहऱ्यासमोर हाताचा पंजा इकडून तिकडे हलवणं म्हणजे "तुला वेड लागलंय". त्याला ते गाडीच्या वायपरवरून "शायबनविशर" म्हणतात. कपाळावर बोट टेकवणं तसंच. मधलं बोट तर सगळ्यांना माहीत आहे. या तिन्हींवर इथे खरोखर खटले होऊन दंड झालेले आहेत. तुमचं ते मनगट फिरवून "काय?" विचारणं काचेपलीकडच्या जर्मन माणसाला शायबनविशर वाटलं असणार, किंवा त्याने तसं ठरवून सांगितलं असणार. तुमचा हेतू काय होता ते वकिलाने योग्य वेळी, योग्य शब्दांत मांडायचं. तुम्ही फॉर्मवर "होय, हात हलवला" लिहिलंत की उरतं फक्त "हलवला".

वकील बघा, फौजदारी किंवा वाहतूक कायद्यातला फाखआनवाल्ट (विशेषज्ञ वकील). फीचा वेगळा करार केला नसेल तर पहिल्या सल्ल्याची फी सामान्य ग्राहकाकडून 190 युरो आणि वर कर यापेक्षा जास्त घेता येत नाही. तो तपासाची पूर्ण फाइल मागवेल. समोरच्याने आणि त्या बाईने नेमकं काय सांगितलंय ते वाचल्याशिवाय एक अक्षर द्यायचं नाही.

तुमच्या बाजूने आणखी एक काम राहिलं असेल तर बघा. अपमान आणि साधी मारहाण यांत नुसती तक्रार पुरत नाही, "श्ट्राफआनट्राग" म्हणजे खटला चालवा असा वेगळा अर्ज लागतो. आरशाच्या तोडफोडीसाठीही तो देऊन ठेवा. घटना आणि करणारा कळल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते. पोलिसांनी त्या दिवशी सही घेतली होती का, हे कागद काढून तपासा.

शमीवृक्ष:

मी वेगळं सांगते, राग मानू नका. परक्या मुलुखात कोर्टकचेरी कशाला? अपमानाच्या तक्रारी इथे बऱ्याचदा "सार्वजनिक हित नाही" म्हणून सरकारी वकीलच बंद करतो आणि म्हणतो, हवं तर खासगी खटला लढा. दोन्हीकडच्या तक्रारी आपोआप विरतील. तुम्ही तुमची मागे घ्या आणि मोकळ्या व्हा.

गोदाकाठ (म्युनिक):

@शमीवृक्ष, अपमानाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण ब्रेक मारून अडवणं, गाडी आडवी लावणं, आरसा तोडणं हा नुसता अपमान नाही. न्योटिगुंगला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा आहे. ताईंनी माघार घेतली तर फाइलमध्ये एकच गोष्ट उरेल, ती त्याची. आणि लहान मूल मागे बसलेलं असताना कोणी काचेवर बुक्के मारतो, ते मागे कसं घ्यायचं?

चाफा_१९:

नागरिकत्वाबद्दल मला माहीत आहे, आमचं याच कारणाने आठ महिने अडकलं होतं. तपास चालू असताना निर्णय थांबवून ठेवतात, हे कायद्यातच आहे. अर्ज फेटाळत नाहीत, थांबवतात. तपास बंद झाला की पुढे सरकतो. समजा शिक्षा झालीच तरी एकूण 90 दिवसांच्या हिशेबापर्यंतचा दंड सहसा आड येत नाही (इथे दंड दिवसांत मोजतात, एका दिवसाची रक्कम म्हणजे साधारण महिन्याच्या निव्वळ उत्पन्नाचा तिसावा भाग). वंशद्वेषाच्या गुन्ह्यांना ही सूट नाही, पण तो तुमचा प्रश्नच नाही. एक मात्र करा. अर्जानंतर काही बदललं तर कळवणं आपली जबाबदारी असते, तेव्हा वकिलाला विचारून त्या कार्यालयाला स्वतःहून सांगा. त्यांना दुसरीकडून कळलं तर वाईट दिसतं. आणि तोवर भारतीय पासपोर्ट परत करणं वगैरे काही करू नका.

रानपाखरू (ह्यूस्टन):

जर्मनीचं काही माहीत नाही, पण तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मी टेक्सासमध्ये राहतो, इथे समोरच्या गाडीत बंदूक असेल हे धरूनच चालवायचं. आम्ही नव्या मुलांना हेच शिकवतो की नजर द्यायची नाही, हात हलवायचा नाही, काच बंद, दार लॉक, पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवून थांबायचं की वळसा घालून निघता यावं. पाठलाग करत असेल तर घरी जायचं नाही, थेट पोलीस ठाणं किंवा गर्दीचा पेट्रोल पंप.

चाफा_१९:

सासूबाईंच्या जबाबाचं राहिलं. जबाब घेतात, दुभाषी पोलीस बोलावतात, खर्च आपल्याला नाही. पण "मराठी" असं ठळक लिहून कळवा. "इंडिश" (भारतीय) लिहिलंत तर हिंदीचा दुभाषी येईल आणि आईंची पंचाईत होईल. त्या अमुक तारखेला देश सोडून जाणार आहेत हे वकिलाकडून लेखी कळवा, म्हणजे आधी बोलावतील. तुमच्यावरच्या आरोपात त्या नात्यामुळे साक्ष नाकारू शकतात, त्यामुळे कुठल्या प्रकरणात बोलायचं आणि कुठल्या नाही ते वकिलाशी ठरवूनच जा. आणि आजच, आजच, तुम्ही दोघी वेगवेगळ्या बसून आठवतं ते तारीख-वेळेसह लिहून काढा. एकमेकींचं वाचून लिहू नका. आईंनी मराठीतच लिहावं.

तळेगावकर_डी:

डॅशकॅम बसवून घ्या. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे 2018 मध्ये म्हटलंय की सतत चित्रीकरण करणं गोपनीयतेच्या नियमात बसत नाही, तरी अपघाताच्या दाव्यात ते पुरावा म्हणून चालू शकतं. म्हणून थोडं थोडं रेकॉर्ड करून आपोआप पुसणारा घ्या. मोबाइलवर कोणाचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करू नका, तो इथे स्वतंत्र गुन्हा आहे. आमच्या एका मित्राने भांडणाची ध्वनिफीत अभिमानाने पोलिसांना ऐकवली आणि स्वतःच अडकला.

मायेची सावली:

मुलाबद्दल कोणीच बोललं नाही. त्याला "काय झालं होतं सांग बरं" असं पुन्हा पुन्हा विचारू नका, पाहुण्यांसमोर तर नकोच. तो विचारेल तेव्हा सांगा की त्या काकांनी चुकीचं केलं आणि आपण गाडीत सुरक्षित होतो. गुन्ह्याचा त्रास झालेल्यांसाठी वायसर रिंग नावाची संस्था आहे, 116 006 वर फुकट फोन करता येतो. तुमच्यासाठीसुद्धा करा, फक्त लेकरासाठी नाही.

मूळ धागा काढणारी, नऊ दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला.

वकीलबाई मिळाल्या. फॉर्मवर फक्त नाव-पत्ता गेला, बाकी त्यांनी कळवलं. फाइल आली. त्या थांबलेल्या बाईंनी जबाबात लिहिलंय की काळी गाडी आधी पुढे आली आणि तिने ब्रेक मारला, आणि माणूस उतरला तेव्हा आमच्या गाडीच्या काचा बंद होत्या. वकीलबाईंनी तेवढं वाक्य पेन्सिलने अधोरेखित केलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मला तिथे रडू आलं.

त्या दिवशी तक्रारीच्या कागदावर आरशासाठी माझी सही होती, अपमानासाठी नव्हती. @गोदाकाठ, तुमच्यामुळे मुदतीत दिली. मी दाखवलेल्या खुणेचं काय मांडायचं ते बाई नंतर ठरवणार आहेत. मी त्यांच्या टेबलापाशी बसून हात करून दाखवला. त्यांनी तीनदा करायला लावला, स्वतः करून पाहिला आणि म्हणाल्या, मनगटाचं हे फिरणं आमच्याकडे नाहीच.

आईंचा जबाब येत्या गुरुवारी आहे, मराठी दुभाषी फ्रँकफर्टहून येणार आहे. आईंनी वहीत चार पानं लिहिली आहेत, अंगठी कुठल्या बोटात होती इथपर्यंत.

एक अजून विचारायचं आहे. मी तेव्हापासून बी 27 वर गाडी नेलेली नाही. मुलाच्या पोहण्याच्या क्लासला गावातल्या आतल्या रस्त्याने जाते, पंचवीस मिनिटं जास्त लागतात. सिग्नलला मागे कोणी जवळ येऊन थांबलं की हात आपोआप दाराच्या लॉकवर जातो. इथे गाडी शिकवणारे अशा भीतीसाठी परवानाधारकांनाही तास देतात असं ऐकलं. कोणी श्टुटगार्टच्या बाजूला असे तास घेतले आहेत का? शक्यतो शिकवणारी बाई असेल तर बरं.