मदत हवी आहे: आईसोबत बघायला चित्रपट सुचवा

नमस्कार मंडळी. आई दोन महिन्यांसाठी माझ्याकडे राहायला आली आहे. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही एखादा मराठी चित्रपट लावतो.

'एलिझाबेथ एकादशी' तिला फार आवडला. पंढरपूरची वारी तिने बरीच वर्षं केली आहे, त्यामुळे यात्रेत बांगड्या विकणारी ती पोरं तिला अगदी ओळखीची वाटली. 'किल्ला' मला जास्त भावला. कोकणातला तो पाऊस आणि बदलीच्या गावी एकटं पडलेलं पोर! अमृता सुभाषने त्यातली आई किती संयमाने उभी केली आहे. आईला मात्र तो जरा संथ वाटला.

चूक झाली ती काल. 'श्वास' लावला. ऑपरेशनआधी आजोबा नातवाला जग दाखवायला घेऊन जातात, तिथे आई रडायलाच लागली. पिक्चर उत्तमच आहे, पण बाबा गेल्या वर्षीच गेले, आणि दवाखान्याची दृश्यं तिला सोसवत नाहीत. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

तर आजारपण, मृत्यू नसलेले, गावाकडचे, लहान मुलांचे चित्रपट कोणते? जुने कृष्णधवलही चालतील. तुमच्या आईला कोणता आवडला, तेही सांगा ना.