मदत हवी आहे: मिरगाआधी छप्पर

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चची तरुण पोरं खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला एका धनगरवाड्यावर समाजघर दुरुस्त करताहेत. (प्रार्थनेसाठी नाही, मुलांच्या अभ्यासाला आणि आरोग्य तपासणीला. वाड्यावरच्यांना विचारूनच काम घेतलंय.)

चिऱ्याच्या भिंती भक्कम आहेत. वासे मात्र वाळवीनं खाल्लेत, बोट लावलं की भुगा पडतो. मंगळुरी कौलं शाबूत आहेत, तीच परत चढवायचीत. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं १८६५ साली मंगळुरात याच कौलांचा कारखाना काढला होता, म्हणजे परंपरा आमचीच! पत्रा नकोच, तिथल्या पावसात शेजारचं बोलणं ऐकू येणार नाही.

भीमगड अभयारण्याचा भाग, जंगलातलं लाकूड नाही. मग लोखंडी पाइप घालावेत की जुनं सागवान? बेळगावात कुठं मिळेल? आमच्यात गवंडी आहेत, वेल्डर कुणी येईल का?